नुसता नंबर

"आईचा फोन चार्जिंगवरून काढला नाहीत ना?" पायरीवर चपला काढता काढता शुभांगीने पहिला प्रश्न हाच विचारला.

"नाही."

"आणि वायफाय?"

"तू काल सांगितलंस तेव्हाच बंद केलं. प्लगच काढून ठेवलाय."

"बरं केलंत." तिने पिशवी खाली ठेवली, आत जाऊन मालनच्या फोटोला नमस्कार केला आणि मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "बारीक झालात."

शुभांगी माझी एकुलती मुलगी. पुण्याला औषधांच्या एका कंपनीत कामाला. आता तिचा मुलगा शाळेत जातो. तेव्हा तिचं लग्न होऊन वर्षच झालं होतं. तो रविवार होता. पहिली गाडी पकडून ती जयसिंगपूरला आली होती. माझ्यासाठी आली असं ती म्हणाली नाही आणि मलाही तसं वाटलं नाही. ती फोनसाठी आली होती.

मालनला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन दीड महिना झाला होता. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात ती गेली. तिचा फोन फ्रिजवर, तिनेच विणलेल्या रुमालावर ठेवलेला असायचा. चार्जरची वायर कायम लावलेली. लाईट गेली तरी इन्व्हर्टर होता. मी साखर कारखान्यात बॉयलरवर फिटर होतो. एकदा हंगाम सुरू झाला की बॉयलरची आग विझू द्यायची नाही, हे तीस-पस्तीस वर्षं केलेलं. त्यामुळे फोन चालू ठेवायचा म्हटल्यावर चार्जर काढायचा हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

फोन उघडत मात्र नव्हता. तो मालनच्या अंगठ्याने उघडायचा, नाहीतर आकड्यांनी. आकडे आम्हाला माहीत नव्हते. लग्नाची तारीख, शुभांगीची जन्मतारीख, घराचा नंबर, सगळं घालून झालं होतं.

शुभांगीने फ्रिजजवळ जाऊन फोनला हात न लावता वाकून स्क्रीन बघितली. तिथे चार दिवसांपासून एक ओळ आली होती. अपडेट तयार आहे. फोन आज रात्री रीस्टार्ट होईल. आधी नुसतं 'तयार आहे' एवढंच होतं, 'आज रात्री' हे त्याच दिवशी सकाळी आलं.

"बघा, उतरून बसलंय," ती म्हणाली. "वायफाय बंद करून आता उपयोग नाही. आजच्या आज करायला पाहिजे."

"मला नीट सांग काय ते."

ती खुर्ची ओढून बसली. "आईने आजारी पडायच्या आधी फोनमध्ये नवीन सिस्टीम घेतली होती. आठवतंय?"

मला आठवत होतं. मालनची सवयच ती. फोनने काहीही विचारलं की ती 'हो' दाबायची. मी म्हणायचो, अगं वाच तरी. ती म्हणायची, "ते लोक एवढं बसून करतात, ते काय आपल्या वाईटासाठी?" ती नवीन सिस्टीम आली त्या दिवशी ती फोन घेऊन माझ्यामागे परसात आली होती. घड्याळाचे आकडे मोठे झाले होते. "बघा, आता चष्म्याशिवाय दिसतंय," असं म्हणाली होती.

शुभांगी सांगत होती, "त्या नवीन सिस्टीममध्ये एक चूक राहिली. फोनमधलं सिम काढून दुसरं घातलं की कुलूप असलेला फोन उघडता येतो. बातमीत आलं, सगळीकडे बोभाटा झाला. म्हणून कंपनीने लगेच दुरुस्ती पाठवली. ही जी आज रात्री बसणार आहे ना, तीच. ती बसली की ते भोक बंद."

"मग अशी भोकं असलेलं पाठवतात कशाला?"

"पाठवल्यावरच कळतात बाबा, लोक वापरायला लागले की."

हे मला पटलं. आमच्याकडे नवा बॉयलर बसवला तेव्हा थंड असताना एकही जोड गळत नव्हता. पाणी भरून दाब दिला, तरी ठीक. वाफ धरली आणि पहिल्या आठवड्यातच जागोजागी फुसफुसायला लागलं. मग पाना घेऊन फिरायचं आणि एकेक जोड आवळायचा. पहिला हंगाम तेच काम.

"म्हणजे चोरांसाठी जे भोक आहे त्यातून आपण जायचं," मी म्हणालो.

"आपला फोन आहे. आपण चोर आहोत का?" ती जरा चिडली. "आणि ही वेळ तुमच्यामुळे आली. आई गेली तेव्हा दवाखान्यात मामा म्हणाला होता, ताईचा अंगठा एकदा लावून घेऊ. तुम्ही त्याच्या अंगावर ओरडलात."

"ओरडणारच. तिला बाहेर आणून पाच मिनिटं झाली नव्हती."

ती परत फ्रिजकडे बघायला लागली.

तिला फोनमधून काय हवं होतं ते मला माहीत होतं. पैशाचं काही नव्हतं, कागदपत्रंही नव्हती. मालन फोनशी बोलायची. मेथी आणायची आहे, भिशीला जायचं आहे, शुभाला लोणचं पाठवायचं आहे, असलं सगळं ती फोनमध्ये बोलून ठेवायची आणि नंतर ऐकायची. मी समोर असलो की लाजायची. स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. आतून नुसतं पुटपुटणं ऐकू यायचं. शुभांगीचा स्वतःचा जुना फोन आदल्या वर्षी गर्दीत चोरीला गेला होता आणि त्यातलं आईचं बोलणं सगळं गेलं होतं. "माझ्याकडे आईचा आवाज कुठंच नाही," हे ती मला महिनाभर फोनवर सांगत होती. शेवटी शेवटी तिच्या स्वप्नात आई यायची, पण ओठ हलायचे आणि आवाज यायचा नाही, असंही म्हणाली.

खरं तर शुभांगीचा आवाज हुबेहूब आईसारखा. लग्नाआधी घरी फोन आला आणि तिने उचलला की शेजारच्या पद्माक्का तिला मालन समजून दहा मिनिटं भाजीचे भाव सांगायच्या. पण आपला आवाज दुसऱ्याला येतो तसा आपल्याला ऐकू येत नाही.

मलाही त्या फोनमधलं एक हवं होतं. ते मी तिला सांगितलं नव्हतं.

मालन गेल्यावर घरात पाहुण्यांची गर्दी होती. अंथरुणं, उशा, सगळं इकडचं तिकडे झालं. पाहुणे गेल्यावर तिचा फोन सापडेना. मी माझ्या फोनवरून तिला लावला. गाद्यांच्या थप्पीतून सनई वाजली, तिने लावलेली. फोन बाहेर काढला तर तो हातात वाजतच होता आणि स्क्रीनवर नाव होतं. माझा नंबर तिने ज्या नावाने घालून ठेवला होता ते. मी ते पहिल्यांदाच बघत होतो. तिने मला फोन केला की माझ्या फोनवर तिचं नाव यायचं. तिच्या फोनवर माझं काय येतं हे बघायची वेळ कधी आली नव्हती. आम्ही दोघं एका घरात असायचो.

तेव्हापासून संध्याकाळचा चहा झाला की मी फ्रिजसमोर उभा राहायचो आणि माझ्या फोनवरून तिला लावायचो. सनई वाजायची, नाव यायचं. बघायचो आणि बंद करायचो. तिच्या सिमला रिचार्जही मारला होता. शुभांगीने त्यावरून विचारलं तेव्हा 'असू दे' म्हणालो होतो.

तिने मोबाईलवाल्या जावेदला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. जावेद नदाफचं दुकान स्टँडच्या रस्त्याला. त्याचे वडील माझ्याबरोबर कारखान्यात होते.

"ताई, फोन कुणाचा म्हणालात?"

"आईचा."

"मालनकाकूंचा होय? मग काही प्रश्न नाही. दुसऱ्या कुणाचा असता तर केलं नसतं. दोन-तीन जण येऊन गेले असले, हाकलून दिले. बरं, मला एक सांगा. काकू गेल्यापासून फोन बंद पडलाय का? एकदा जरी?"

शुभांगीने माझ्याकडे बघितलं.

"एकदाही नाही," मी म्हणालो.

"झकास काका! शंभरात एकाचा असा असतो. लोक पहिलं काम काय करतात तर बंद करून ठेवतात. बॅटरी किती आहे?"

"शंभर. कायम शंभरच असते."

"मग घेऊन या. फक्त वाटेत बंद होऊ देऊ नका. बंद होऊन परत सुरू झाला की हा उपाय चालत नाही. शिवाय ते नवीन अपडेट त्याच वेळी बसून जाईल. मग फोन सुरू राहील, पण आतलं सगळं कुलपात. कुणाचा फोन आला तरी नावसुद्धा दाखवणार नाही. नुसता नंबर."

शुभांगी उठून पदर खोचल्यासारखी ओढणी बांधायला लागली. मी बसूनच राहिलो.

"राहू दे," मी म्हणालो.

"काय राहू दे?"

"फोन. आहे तसा असू दे. कशाला उगीच."

"बाबा, तुम्ही ऐकलंत ना? आपण काही नाही केलं तरी रात्री तो आपोआप बंद होऊन सुरू होणार आहे. आहे तसा राहणारच नाही."

"ते अपडेट नको म्हणून सांगता येत नाही का?"

"फोन उघडला तर येतं. उघडता येत नाही म्हणून तर चाललंय हे!"

ती म्हणत होती ते खरं होतं. घरी ठेवला तर रात्री नाव जाणार. दुकानात नेला आणि उघडला तर तिला आवाज मिळणार आणि माझं नावही राहणार. मी उठलो, शर्ट बदलला आणि फोनची वायर काढली. वायर काढताना फोनची पाठ जरा फुगल्यासारखी हाताला लागली. रुमालावर ठेवल्यामुळे तसं वाटत असेल, म्हणून मी लक्ष दिलं नाही. स्क्रीनवर शंभर होते. शुभांगीने फोन रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

फाटकाशी पद्माक्का मिरच्या वाळत घालत होत्या.

"काय गं शुभा, आलीस होय? आणि बापाला घेऊन कुठं निघालीस उन्हाची?"

"आईचा फोन उघडायला."

"उघडतोय होय? मग त्यात माझी चकलीची भाजणी आहे बघ. मालनने माझ्याकडनं ऐकून भरून घेतलीय. मला आता माझंच प्रमाण आठवत नाही. तेवढं मागून घे."

"घेते अक्का."

"आणि मगदूम मिस्त्री, टोपी घाला की. डोकं तापंल."

मी टोपी घालायला मागे फिरलो नाही. आम्ही चालत निघालो. आमच्या गावच्या गल्ल्या सरळ, एकमेकींना काटकोनात. आठव्या गल्लीतून स्टँडपर्यंत चालत फार वेळ लागत नाही. शुभांगी पर्स छातीशी धरून चालत होती, आत बाळ असल्यासारखी. मी तिच्या मागे.

मला एकच गोष्ट खटकत होती. जावेद फोनमधलं सिम काढणार होता. काम फसलं तर पुन्हा ते नाव दिसेल की नाही याची खात्री नव्हती. स्टँडच्या अलीकडे चिंचेचं झाड आहे. तिथे सावलीत शुभांगी ओढणीने तोंड पुसायला थांबली. मी खिशातून माझा फोन काढला आणि मालनला लावला.

पर्समधून सनई वाजायला लागली. शुभांगी दचकली.

"कुणाचा फोन आला आईला?" ती पर्स उघडायला लागली. मग तिने माझ्या हाताकडे बघितलं. "तुम्ही लावलात?"

"दे इकडे."

"अहो पण कशाला..."

"दे म्हणतो ना."

तिने रुमाल सोडवून फोन माझ्या हातात दिला. नाव होतं. उन्हामुळे नीट दिसत नव्हतं म्हणून मी दुसऱ्या हाताने आडोसा केला. सनईचा दुसरा सूर सुरू झाला आणि मधेच तुटला. स्क्रीन काळी झाली.

मला वाटलं, फोन कट झाला. माझ्या फोनवर मात्र रिंग जात होती. मग तीही थांबली आणि एक बाई सांगायला लागली की आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती सध्या उपलब्ध नाही.

शुभांगीने माझ्या हातून फोन घेतला. बाजूचं बटण दाबलं. परत दाबलं. मग धरून ठेवलं. काही नाही.

"शंभर होती ना?" ती म्हणाली. "आत्ता शंभर होती."

जावेदने दुकानात फोन हातात घेतल्याबरोबर तो टेबलावर पालथा ठेवून बोटाने फिरवला. फोन भोवऱ्यासारखा गोल फिरला.

"फुगलीय काका बॅटरी. आकडा शंभर दाखवते, पण आत काही नाही. वायर होती म्हणून चालत होता. किती दिवस चार्जिंगला होता?"

"काढलाच नाही."

"म्हणजे दीड महिना रात्रंदिवस?"

"बंद पडू नये म्हणून."

 जावेदने वायर लावली. बराच वेळ काळं राहून मग कंपनीची खूण आली. त्यानंतर एक पट्टी आली, डावीकडून उजवीकडे भरत जाणारी. खाली लिहिलं होतं, अपडेट पूर्ण होत आहे.

"थांबवता येत नाही का?" शुभांगीने विचारलं.

"नाही ताई. आता मध्ये बंद केलं तर फोनच जाईल."

आम्ही तिघंही पट्टी भरताना बघत उभे राहिलो. एक गिऱ्हाईक काच बसवायला आलं, त्याला जावेदने नंतर ये म्हणून सांगितलं. पट्टी भरली. मोठ्या आकड्यांचं घड्याळ आलं. त्याच्याखाली, फोन सुरू झाल्यावर पहिल्यांदा आकडे घालावे लागतील, अशी सूचना आली.

"तरीपण करून बघ ना," शुभांगी म्हणाली.

जावेदने ड्रॉवरमधून एक सिम काढलं आणि बातमीत सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. मन लावून केलं. एकदा झाल्यावर त्याने पहिल्यापासून परत केलं. मग मालनचं सिम परत आत बसवलं आणि फोन माझ्याकडे न देता टेबलावर ठेवला.

"बंद झालं काका. चांगलं बंद केलंय त्यांनी." मग म्हणाला, "सगळं पुसून देऊ का? बॅटरी बदलतो. फोन नव्यासारखा होईल. तुम्हाला वापरता येईल."

"नको," मी आणि शुभांगी एकदमच म्हणालो.

"तसा तर तसा. पण बॅटरी तेवढी काढून टाकतो, फुटली तर हात भाजेल."

"थोडं थांब," मी म्हणालो. वायर लावलेलीच होती. मी माझ्या फोनवरून लावला. फोन वाजला, पण सनई नाही. कंपनीची साधी टुंगटुंग. स्क्रीनवर माझा नंबर होता. दहा आकडे. मी बंद केला.

"काढ आता बॅटरी," मी म्हणालो.

जावेदने पैसे घेतले नाहीत. बाहेर पडल्यावर शुभांगी रडली नाही, पण दोन दुकानं पुढे गेल्यावर थांबली आणि म्हणाली, "तुम्ही फोन का लावलात बाबा? दुकान समोर दिसत होतं. कशाला लावलात?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. रसाच्या गाड्याजवळ बाकडं होतं. मी म्हणालो, बस. दोन रस सांगितले. गाडेवाल्याने चरक सुरू केला. त्याच्या चाकाला घुंगरं बांधलेली होती, ती वाजायला लागली.

"तुझ्या आईने माझं नाव कधी घेतलं नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे की."

"दवाखान्यात भरती करताना काउंटरवरच्या पोरीने विचारलं, मालकांचं नाव काय? अंगात एवढा ताप, तरी म्हणते, 'हे काय उभे आहेत, त्यांनाच विचारा.'"

शुभांगीला जरासं हसू आलं. "रेशनच्या दुकानात मला चिमटा काढायची, सांग म्हणून."

"लग्नात उखाणा घेतला तेवढाच. तोही इतका हळू की पुढच्या बायकांनाच कळला. मला काही ऐकू आलं नाही. बँड वाजत होता. म्हणजे मी तिच्या तोंडून माझं नाव कधीच ऐकलं नाही. घरात 'अहो', नाहीतर 'शुभाचे बाबा'. कारखान्यात सगळे मिस्त्री म्हणायचे. माझी आई सदा म्हणायची, ती गेली. आता नाव घेणारं कुणी नाही."

रस आला. मी ग्लास हातात धरून ठेवला.

"फोनमध्ये तिने माझा नंबर सदाशिव म्हणून घातला होता. पुढे राव नाही, मागे मगदूम नाही. नुसतं सदाशिव. मला ती गेल्यावर कळलं. ते बघायला मी लावायचो. आताही त्यासाठीच लावला."

शुभांगीने ग्लास बाकड्यावर ठेवला.

"तुम्हाला माहीतच नव्हतं?"

"मला कुठून माहीत असणार?"

"मला वाटलं, तिने तुम्हाला दाखवलं असेल." ती माझ्याकडे वळून बसली. "बाबा, आईला मराठी टाईप करता येत नव्हतं."

"मग?"

"मी दिवाळीला आले होते आणि माझा हा फोन तिला दिला, तेव्हाची गोष्ट. तुम्ही कारखान्यात होता, दुसरी पाळी. सगळ्यांचे नंबर मी घालून दिले. तुमच्यावर आल्यावर विचारलं, काय लिहू? बाबा लिहू? तर म्हणाली, 'ते काय माझा बाप आहेत?' म्हटलं, मग अहो लिहू? 'अहो हे काय नाव झालं होय?' म्हटलं, मग तूच सांग. तर सांगेना. लाजून लाल. शेवटी मी तिला ते माईकचं बटण दाखवलं. हे दाबायचं आणि बोलायचं, फोन आपोआप लिहितो. मला म्हणाली, 'तू बाहेर जा, मी घालते.'"

"मग?"

"मग दार लोटून घेतलं. मी कट्ट्यावर बसले. ती आत काय म्हणाली ते पहिल्यांदा मला ऐकू आलंच नाही. फोनलाही आलं नसणार. मग परत म्हणाली, तेही पुटपुटल्यासारखं. मग तिसऱ्यांदा मात्र अशी जोरात म्हणाली, की पद्माक्कांनी खिडकीतून विचारलं, काय गं मालन, कुणाला हाक मारतीस?"

"काय म्हणाली मग?"

"म्हणाली, कुणाला नाही अक्का, फोनला सांगायचं चाललंय. आणि बाहेर आल्यावर मला दम दिला, बाबांना सांगशील तर बघ."

गाडेवाला ऊस दुमडून परत चरकात घालत होता. 

"कशी म्हणाली?" मी विचारलं.

"कशी म्हणजे?"

"जोरात म्हणजे कशी? म्हणून दाखव."

"मी कशी म्हणू? तुमचं नाव..."

"तू नको म्हणू. ती म्हणाली तसं म्हण."

शुभांगीने इकडे तिकडे बघितलं. मान खाली घातली आणि ओढणीशी काहीतरी पुटपुटली. घुंगरांच्या आवाजात ते गेलं.

"ऐकू आलं नाही," मी म्हणालो.

तिने परत म्हटलं. या वेळी ओठ हलताना दिसले.

"शुभा, बँड वाजतोय असं समज."

तिने मान वर केली, समोर रस्त्याकडे बघितलं आणि मालनच्या आवाजात माझ्या नावाने मोठ्याने हाक मारली. गाडेवाल्याने चरक थांबवून आमच्याकडे वळून बघितलं.

मी ओ दिली.